‘प्रॉबेबल प्राइम’ला मराठीत काय म्हणावं?

तापीकाठ (जळगाव): बारावीच्या मुलांसाठी मर्सेन संख्यांवर (२ चा घात वजा १ अशा संख्यांवर) टिपण लिहितोय. २ चा १३६२७९८४१ वा घात वजा १ ही ४,१०,२४,३२० अंकी संख्या २०२४ च्या ऑक्टोबरात सापडली. आधी ती ‘प्रॉबेबल प्राइम’ ठरली, मग मूळ (प्राइम) असल्याचं सिद्ध झालं. मी ‘संभाव्य मूळ संख्या’ लिहिलं, तपासणाऱ्यांनी ‘संभाव्य म्हणजे पुढे होणारी’ म्हणून खोडलं. मग काय लिहू?

धुळेकर: खोडलं ते बरोबर. संख्या मूळ असते किंवा नसते, ती पुढे होत नाही. इथे फक्त फर्माची कसोटी पार पडलेली असते: तपासायची संख्या न; एखादा पाया, समजा २, घेऊन त्याचा (न−१) वा घात न ने भागला की बाकी १ यावी. आता ३४१ पाहा. १०२४ = ३×३४१+१, म्हणजे १० व्या घातालाच बाकी १, म्हणून ३४० व्यालाही १. तरी ३४१ = ११×३१! पाया ३ घेतला की बाकी ५६ येते आणि सोंग उघडं पडतं. अशीला ‘छद्ममूळ’ म्हणा, नुसती कसोटीला उतरलेली ती ‘कसोटीमूळ’.

अमळनेर: ‘कसोटीमूळ’ कोण बोलणार? ‘संभाव्य’ सगळ्यांना कळतो. खरी अडचण ‘मूळ’ची आहे. ‘मूळ संख्येच्या वर्गमूळापर्यंत भागून पाहा’ या वाक्यात पोरं गोंधळतात. हिंदीसारखं ‘अभाज्य’ घ्या.

धुळेकर: ताई, ७ ला ७ ने भाग जातोच की. शिवाय ‘अभाज्य’ म्हटलं की १ सुद्धा आत शिरतो, आणि १ मूळ नाही.

चाळीसगाव: आपल्याच तालुक्यात, पाटण्याला, भास्कराचार्यांच्या नातवाचा शिलालेख आहे. लीलावतीच्या कुट्टकात (पूर्णांकी उत्तरं काढायच्या रीतीत) ‘दृढ’ शब्द आहे. तो सोडून उसने शब्द कशाला?

धुळेकर: नाना, ‘दृढ’ हे जोडीचं नाव. सामाईक अवयव काढून टाकल्यावर उरलेले भाज्य-हार (हार म्हणजे भाजक) दृढ. ८ आणि १५ दृढ आहेत, पण दोन्ही संयुक्त. तो ‘सहमूळ’च्या जागी शोभेल.

शिरपूर: वर्गात पोरं ‘मूय’च म्हणतात, जयगाव-धुये म्हणतात तसं. लिहिताना ‘मूळ’च ठेवा, जिभेवर बसलेला शब्द आहे.

अमळनेर: आणि ‘सिद्ध’ कसं झालं तेही लिहा. लुकास-लेमर कसोटी: ४ पासून सुरुवात, दर पायरीला वर्ग करून २ वजा, मर्सेन संख्येने भागून बाकी. घातांक ५ असेल तर ३१ साठी ४, १४, १९४ ची बाकी ८, मग ६२ ची बाकी शून्य: मूळ! वरच्या संख्येला असे १३,६२,७९,८३९ वर्ग लागतात. मेमरीत एक बिट उलटला की पुढची सगळी बाकी वाया. म्हणून वेगळ्या यंत्रांवर, वेगळ्या प्रोग्रॅमने पुन्हा चालवतात.

चाळीसगाव: ‘बाकी’ अरबी, ‘शेष’ लिहा.

शिरपूर: ‘बाकी’ पाटीवरच्या भागाकारापासूनची आहे, नाना. ती काढू नका.

तापीकाठ: ‘छद्ममूळ’ घेतो. पण ‘प्रॉबेबल’चं काय?

चाळीसगाव: आधी ‘मर्सेन’ की ‘मेर्सेन’ ते ठरवा.