मदत हवी आहे: वीज धोरणाच्या जनसंपर्कात शिरायचं तर नमुना काय जोडावा?

नमस्कार मंडळी,
विद्युत अभियांत्रिकीची पदवी आहे, सध्या एका दैनिकात उपसंपादक आहे. वीज कंपनी किंवा सौर विकासकाकडे धोरण-संवाद आणि सरकारी समन्वयाच्या जागेसाठी अर्ज करायचाय. जनसंपर्काची पदविका करावी का? अर्जासोबत काय जोडू?

प्रतिसाद १
पदविकेचं नंतर बघा. आधी राज्य वीज नियामक आयोगाच्या संकेतस्थळावरून महावितरणचा ताजा दर आदेश (विजेचे दर ठरवणारा आयोगाचा निर्णय) उतरवून घ्या. शेकडो पानं असतात, पहिल्यापासून वाचत बसू नका. आधी शेवटी दिलेलं दरपत्रक, मग ग्राहकांच्या हरकती आणि त्यावर आयोगाने दिलेली उत्तरं. कोण कशासाठी भांडतंय ते तिथेच कळतं.

नमुना म्हणून एका पानात महिना १५० युनिटचं घरगुती बिल जुन्या आणि नव्या दराने मांडा. स्थिर आकार, वीज आकार, वहन आकार (वीज घरापर्यंत वाहून आणण्याचा), इंधन समायोजन (इंधनाच्या खर्चातल्या फरकाचं) आणि बेरजेवर १६ टक्के वीज शुल्क. पहिले १०० युनिट पहिल्या टप्प्याच्या दराने, फक्त उरलेले ५० दुसऱ्या. अख्ख्या १५० ला वरचा दर लावणं ही नेहमीची चूक. प्रत्येक ओळीपुढे निर्णय कोणाचा तेही लिहा: दर ठरवतो आयोग, वीज शुल्क राज्य सरकारचं. सरकारला सवलत द्यायची असेल तर वीज कायदा २००३ च्या कलम ६५ प्रमाणे रक्कम आगाऊ भरावी लागते. एवढं नीट मांडता आलं तर मुलाखतीत बोलायला भरपूर मिळेल.

प्रतिसाद २
वरच्याशी सहमत. भर एवढीच की मेगावॉट (प्रकल्पाची क्षमता) आणि युनिट (प्रत्यक्ष तयार झालेली वीज) यांची गल्लत करू नका. १ मेगावॉट सौर प्रकल्प २० टक्के क्षमता वापराने (वर्षभर अखंड पूर्ण क्षमतेने चालला तर मिळेल त्याच्या २० टक्के) वर्षाला साधारण १७.५ लाख युनिट देतो. 'इतक्या घरांना वीज' लिहिताना घरामागे किती युनिट धरले ते सांगा, आणि साठवण नसेल तर संध्याकाळची मागणी त्यात धरू नका.

नोकरी लागल्यावर आयोगापुढे प्रलंबित असलेल्या कंपनीच्या याचिकेबद्दलचं कुठलंही पत्रक कंपनीच्याच नियामक विभागाला दाखवल्याशिवाय सोडू नका. याचिकेत एक आकडा आणि पत्रकात दुसरा निघाला, तर सुनावणीत हरकतदार तोच कागद पुढे करतात. जनसुनावण्यांना आत्तापासूनच जाऊन बसा.

धागाकर्ता
आभारी आहे. वहन आकार महिन्याला ठरावीक असतो का?

प्रतिसाद १
नाही, घरगुती ग्राहकाला युनिटमागे. महिन्याला ठरावीक तो स्थिर आकार.