मदत हवी आहे: मुलीची नीट (डॉक्टरकीची प्रवेश परीक्षा) दुसऱ्यांदा. लातूरला पाठवू की घरीच बसवू?

गिरणीवाली

नमस्कार मंडळी. बरेच दिवस नुसती वाचते, लिहितेय पहिल्यांदा. चुकलं तर सांभाळून घ्या.

पारोळ्याला आमची पिठाची गिरणी आहे. आमचे हे हंगामात जिनिंगवर जातात, एरवी गिरणीतच असतात. मोठी मुलगी दहावीपर्यंत मराठी माध्यमात, ९३ टक्के. अकरावी-बारावी सायन्स गावातच केलं, जोडीला एक क्लास. क्लासचं नाव लिहीत नाही, उगाच वाद नको. पण दोन वर्षांत फिजिक्सचे तीन सर बदलले, आणि रोटेशनचा धडा 'तो मागच्या सरांनी घेतला असेल' असं म्हणत तिघांनीही सोडला. हे मला निकाल लागल्यावर कळलं. पोरगी बोलली नाही, कारण फी भरताना आम्ही कानातले मोडले होते हे तिला माहीत होतं.

४ मे २०२५ ला जळगावात नीटचा पेपर झाला. ऊन असं की सेंटरबाहेर डांबराला चप्पल चिकटत होती. १४ जूनला निकाल आला, ७२० पैकी ३६७. कागदावर मांडलं ते असं (बरोबरला चार मार्क, चुकीला एक वजा): बायोलॉजीचे ८४ सोडवले, ७० बरोबर, १४ चूक, म्हणजे २६६. केमिस्ट्रीचे ३६ सोडवले, २४ बरोबर, १२ चूक, ८४ मार्क. फिजिक्सचे २८ सोडवले, ९ बरोबर, १९ चूक. मार्क १७. सतरा! फिजिक्स शेवटी ठेवलं होतं, आणि ओएमआरचे (उत्तरपत्रिकेवरचे) गोल सगळे मागून एकदम भरायचे असं ठरवलं होतं. त्यातच वेळ गेला. हातात अर्धा तास उरला तेव्हा फिजिक्सचं पान उघडलं.

घरी आल्यावर एक प्रश्न तिनं मला दाखवला. तिच्या सरावाच्या पुस्तकातला होता, पेपरातला नाही. तार ताणून लांबी दुप्पट केली तर रेझिस्टन्स किती पट होईल? तिनं दुप्पट लिहिलं होतं, उत्तर चौपट. सूत्र तोंडपाठ, मी विचारलं तर धडाधडा म्हणून दाखवलं. मग मी म्हटलं, अगं, मांडा हातावर ताणतो तेव्हा तो नुसता मोठा होतो का? पातळही होतो ना? ती गप्प बसली आणि म्हणाली, "आई, हे कुणी सांगितलंच नाही." मी बारावी आर्ट्स. मला सुचलं ते क्लासात दोन वर्षांत कुणाला सुचू नये?

आता प्रश्न असा. ह्यांचं म्हणणं लातूरला रिपीटर (पुन्हा परीक्षा देणाऱ्यांच्या) बॅचला पाठवू. क्लास, रूम, मेस धरून पावणेदोन लाखांच्या आसपास सांगतात. दीर म्हणतो राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवा. आणि मुलगी म्हणते, "माले नही जावानं कोठेच." ती घरी राहून ऑनलाइन करीन म्हणते. पण घर म्हणजे गिरणीच्या भिंतीला भिंत. दिवसभर घरघर, आणि गिऱ्हाईक आलं की "पोरी, जरा डबा घे" हे होतंच.

शिवाय बीएएमएसचा (आयुर्वेदाच्या डॉक्टरकीचा) फॉर्म भरून ठेवू का, तेही सांगा. आम्ही ओबीसी. धाकटा आता दहावीत आहे, त्यालाही हेच करायचंय, म्हणून सगळं नीट समजून घ्यायचंय.

तापीकाठचा

ताई, डोळे झाकून लातूर. माझा पुतण्या तिकडून लागला. तिथं पोरांना दुसरं काही सुचूच देत नाहीत. आणि तिकडं राहिलं की मराठवाड्याच्या राखीव जागांच्या कोट्याचा फायदाही होतो म्हणतात.

सेतूतला_माणूस

तापीकाठचे भाऊ, तो कोटा गेला. ७०:३० चा (७० टक्के जागा त्याच विभागातल्या मुलांना) प्रादेशिक कोटा २०२० च्या सप्टेंबरात सरकारनं रद्द केला. तो होता तेव्हाही बारावी कुठून केली यावर ठरायचा, क्लास कुठं लावला यावर नाही. आपण खान्देशवाले त्यात 'उर्वरित महाराष्ट्र' होतो. आता पूर्ण राज्याची एकच यादी लागते. सरकारी कॉलेजातल्या ८५ टक्के जागा राज्याच्या, १५ टक्के ऑल इंडियाच्या.

ताई, तुमच्या धाकट्यासाठी मात्र कान देऊन ऐका. राज्याच्या ८५ टक्क्यांसाठी डोमिसाइल लागतं, आणि दहावी-बारावी दोन्ही महाराष्ट्रातून पास असावी लागते. मोठीची बारावी झालेली आहे, ती कोटा शहरात जाऊन रिपीट करो नाहीतर चंद्रावर, तिला धक्का नाही. पण धाकट्याला उद्या कुणी म्हणालं की अकरावीपासून कोटा शहरात डमी (नुसतं नाव घालायच्या) शाळेत टाक, तर त्याची बारावी राजस्थानची होईल आणि घरच्या जागांवर पाणी पडेल. आपल्याकडं सुरतला उधना-लिंबायतकडं राहणारी कितीतरी घरं आहेत. पोरगं दहावीला तिकडं, बारावीला मामाकडं, आणि अॅडमिशनच्या वेळी रडारड. दर जुलैत माझ्या खिडकीपुढं एखादं तरी असं घर उभं असतं.

कागदाचं आत्ताच बघा. जातीच्या दाखल्याची व्हॅलिडिटी झाली आहे का? बारावी सायन्सला असताना कॉलेजमार्फत प्रस्ताव जातो. राहिला असेल तर लगेच टाका, आजोबा-पणजोबांचे शाळेचे दाखले शोधण्यातच महिने जातात. नॉन-क्रिमीलेयर हे प्रवेशानंतर येणाऱ्या ३१ मार्चपर्यंत चालणारं हवं. आणि २०२४-२५ पासून ओबीसी, ईडब्ल्यूएस, एसईबीसीच्या मुलींना, घरचं उत्पन्न ८ लाखांच्या आत असेल तर, कॅप (सरकारच्या केंद्रीय प्रवेश) फेरीतून लागल्यास शिक्षण शुल्क आणि परीक्षा शुल्क माफ आहे. मॅनेजमेंट कोट्याला नाही. म्हणजे पैसे खर्च करायचेच तर तयारीवर करा, पुढच्या फीच्या धास्तीनं हात आखडू नका.

धुळे_थर्ड_इयर

काकू, मी धुळ्याला जीएमसीत (सरकारी मेडिकल कॉलेजात) तिसऱ्या वर्षाला आहे. मीही एकदा रिपीट केलं, साक्रीजवळच्या गावात, घरी राहून. तेव्हा जरा स्पष्ट लिहिते, राग मानू नका.

तुमच्या आकड्यांत सगळं आहे. २८ प्रश्नांवर डोळे मिटून गोल भरले असते तरी चारातला एक या हिशोबानं ७ बरोबर आले असते. तिचे ९ आले. म्हणजे त्या अर्ध्या तासात तिनं फिजिक्स सोडवलंच नाही, गोल भरले. त्यामुळे तिला फिजिक्स येतं की नाही हे त्या १७ वरून कळतच नाही. आधी ते शोधा.

असं करा. त्याच पेपरचे फिजिक्सचे ४५ प्रश्न तिला पुन्हा सोडवायला द्या, घड्याळ न लावता, उत्तरं न बघता. लागू दे तीन तास. पंचविसाच्या वर बरोबर आले तर रोग वेळेचा आहे, आणि त्यासाठी पावणेदोन लाख लागत नाहीत. पंधराच्या आत आले तर पाया कच्चा आहे, मग समोर बसून शिकवणारा माणूस हवा. मग तो लातूरचा असो की धुळ्याचा. यंदाचं फिजिक्स अवघड होतं हेही खरं, भलेभले आपटले. गेल्या वर्षी (२०२४) ७२० पैकी ७२० वाले होते, यंदा (२०२५) देशात पहिल्या आलेल्याला ६८६ आहेत. म्हणून 'अमुक मार्क पाहिजेत' हे भिंतीवर लिहू नका. मार्क दर वर्षी वर-खाली होतात, रँक बघायची.

दुसरं, गोल मागून भरणं आजपासून बंद. पान संपलं की त्या पानाचे गोल. माझा क्रम बायोलॉजी पन्नास मिनिटं, केमिस्ट्री पन्नास, उरलेलं सगळं फिजिक्सला, आणि शेवटची पाच मिनिटं हात जोडायला. आता १८० मिनिटांत १८० प्रश्न आहेत, सोडायला जास्तीचे प्रश्न नाहीत. २०२१ ते २०२४ चे पेपर २०० प्रश्नांचे होते, त्यातले १८० सोडवायचे. २०२१ ला वेळ १८० मिनिटंच होती, २०२२ पासून २०० मिनिटं मिळायची. जुन्या टेस्ट सिरीज तशाच असतील तर वेळेचा अंदाज चुकतो.

तिसरं, चुकांची वही. माझी वही अशी होती: डावीकडं प्रश्न, उजवीकडं एकच अक्षर. 'न' म्हणजे आलंच नाही, 'घ' म्हणजे घाई, 'व' म्हणजे प्रश्न नीट वाचला नाही. 'अयोग्य विधान ओळखा'ला मी योग्य विधान काळं करून यायचे. महिनाभरानं मोजलं तर निम्म्याहून जास्त 'व' निघाले. मी महिनाभर उगाच धडे परत वाचत होते.

तुमची मांड्याची गोष्ट मी आमच्या होस्टेलवर सांगितली. सगळ्या मुलींना मांडे खायची इच्छा झाली, तो भाग वेगळा.

खडू_फळा

मी अमळनेरकडं ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवतो. ताई, रोटेशनचा धडा का हरवला ते सांगतो. आपल्या बोर्डाच्या बारावीच्या पुस्तकातले पहिले पाच धडे बघा: रोटेशन, फ्लुइड्स, कायनेटिक थिअरी, थर्मोडायनॅमिक्स, ऑसिलेशन्स. एनसीईआरटीत (केंद्राच्या पुस्तकांत) हेच सगळं अकरावीत आहे. क्लास एनसीईआरटीच्या क्रमानं जातो, कॉलेज बोर्डाच्या. क्लासच्या बारावीच्या सरांना वाटतं हे अकरावीत झालं, कॉलेजच्या अकरावीच्या सरांना वाटतं हे पुढच्या वर्षी. मधल्या मध्ये पोर फसतं. बायोलॉजीतही तसंच, श्वसन-रक्ताभिसरण आणि कंट्रोल-कोऑर्डिनेशन आपल्याकडं बारावीत, तिकडं अकरावीत.

उलटही आहे. बोर्डाला आहे पण नीटच्या अभ्यासक्रमातून २०२४ पासून गेलंय असं बरंच आहे. केमिस्ट्रीत सॉलिड स्टेट, पॉलिमर. बायोलॉजीत प्लांट-वॉटर रिलेशन, मिनरल न्यूट्रिशन, अन्नपचन, फूड प्रॉडक्शन. मुलगी बारावी पास आहे, तिनं ही पानं सरळ टाचून बंद करावीत. ही पानं परत परत वाचणारी रिपीटर पोरं मी पाहिली आहेत. पाठ आहेत म्हणून बरं वाटतं, एवढंच.

बायोलॉजीला एनसीईआरटी ओळ न ओळ, आकृतीखालच्या मजकुरासकट. त्यात आधी चार गाइडं घालू नका.

नंदुरबारी

पेपर मराठीतून दिला तर? ऑप्शन आहे ना.

खडू_फळा

आहे. महाराष्ट्रातलं सेंटर घेतलं तर मराठी निवडता येते, पुस्तिकेत मराठी आणि इंग्रजी दोन्ही येतं. पण भाषांतरात घोळ वाटला तर इंग्रजीच ग्राह्य धरतात. दोन वर्षं इंग्रजीत वाचलेल्या पोरीला 'जडत्व आघूर्ण' बघून मोमेंट ऑफ इनर्शिया आठवेल का, हे घरी एक पेपर देऊन बघा. ऐन परीक्षेत प्रयोग नको.

सावदेकर_आई

माझा मुलगा मागच्या जूनमध्ये बाहेरगावी रिपीटला गेला, गाव सांगत नाही. सप्टेंबरात कावीळ घेऊन परत आला. मेसच्या पाण्याची तक्रार केली तर मालक म्हणाला, बाकीच्या साठ पोरांना काही होत नाही. दीड महिना गेला. मग इथंच अभ्यासिकेत बसला आणि यंदा बीडीएसपुरते (दातांच्या डॉक्टरकीपुरते) मार्क पडले. पाठवू नका असं म्हणत नाही. पाठवाल तर आधी स्वतः जाऊन दोन दिवस तिथलं जेवा. आणि मुलगी नाही म्हणतेय ते का, हे ह्यांच्यासमोर विचारू नका, एकटीला विचारा.

गिरणीवाली

सगळ्यांचे आभार. चार दिवसांनी लिहितेय, पेरणीपायी दळणाची गर्दी होती.

धुळ्याच्या बाळा, तू सांगितलंस तसं केलं. घड्याळ काढून ठेवलं. अडीच तास बसली. ४५ पैकी २१ बरोबर. ना पंचवीस, ना पंधरा! पण जे चुकले त्यातले सात रोटेशन, फ्लुइड्स आणि थर्मोडायनॅमिक्सचे. खडू-फळा सरांनी सांगितलेलेच धडे. ह्यांनाही ते दाखवलं. बराच वेळ कागदाकडं बघत होते, मग म्हणाले, तीन धड्यांसाठी लातूर कशाला?

सावदेकर ताई, एकटीला विचारलं. म्हणाली, तिकडं जाऊन परत नाही लागलं तर कोणत्या तोंडानं येऊ. मला हे माहीतच नव्हतं. मी समजत होते तिला घर सोडवत नाही.

तर दिवाळीपर्यंत घरी. धुळ्याला एक सर आहेत, फक्त फिजिक्स घेतात, आठवड्यातून तीन दिवस. एसटीनं जाईल-येईल. बाकी दिवस गावातली अभ्यासिका, सकाळी सात ते संध्याकाळी सात, डबा घेऊन. बीएएमएसचा फॉर्म भरून ठेवतोय, जागा मिळाली तर तेव्हा ठरवू. व्हॅलिडिटीचा प्रस्ताव कॉलेजात पडून होता, सेतूच्या दादांमुळं चौकशी केली. पणजोबांचा दाखला लागणार आहे, आणि त्यांची शाळा कोणती हे फक्त आत्याबाईंना माहीत आहे. त्या आठवून सांगते म्हणाल्यात.

आणि गिरणीवर पाटी लावली आहे: 'रविवारी दुपारी २ ते ५ दळण बंद'. परीक्षेचीच वेळ धरली. पहिल्याच रविवारी तिघं भांडून गेले, चौथी बाई मात्र पाटी वाचून म्हणाली, पोरगी पेपर देतेय का, मग संध्याकाळी येते.

आता एकच अडचण. ओएमआरच्या कोऱ्या शीट कुठं मिळतात? इथला झेरॉक्सवाला छापतो, पण त्याचे गोल एकमेकांत मिसळतात आणि पेनाची शाई मागं उतरते. जळगाव किंवा धुळ्यात जाड कागदावर छापून देणारं कुणी माहीत असेल तर दुकानाचा भाग सांगा. पन्नासेक घ्यायच्या आहेत.

धुळे_थर्ड_इयर

काकू, विकत नका घेऊ. माझ्याकडं माझ्या रिपीटच्या वेळचा अर्धा गठ्ठा पडून आहे. धुळ्याच्या सरांकडं ती कोणत्या वारी येते तेवढं कळवा, स्टँडवर आणून देते.