मदत हवी आहे: झुडपी जंगलात नवरंगाचं घरटं, आणि सोमवारपासून सफाई

नमस्कार मंडळी,

मी नागपूरचा. बुटीबोरीकडे नाल्यालगत झुडपी जंगलाचा एक पट्टा आहे. शेजारच्या कारखान्याच्या विस्तारासाठी तो साफ होणार आहे. झाडांवर आकडे पडलेत, जेसीबी येऊन उभा आहे.

रविवारी पहाटे तिथे होतो. नवरंगाची दोन सुरांची शीळ चालू होती, ती एकदम थांबली. चोचीत गांडुळांचा झुपका धरलेला पक्षी पळसाच्या बुंध्याशी उतरला, मान वळवून पाहिलं आणि बोराटीच्या जाळीत शिरला. आत वाळक्या पानांचा आणि काटक्यांचा गोळा, बाजूला तोंड, जमिनीपासून जेमतेम दोन हात वर. म्हणजे पिल्लं आहेत. मी लगेच मागे फिरलो. (नेमकी जागा किंवा फोटो कृपया मागू नका, उद्या तिथे कॅमेऱ्यांची रांग लागेल.)

ठेकेदाराच्या माणसाशी बोललो. तो म्हणाला, "भाऊ, झाडं तं मोजली ना, झुडपं कोन मोजते?" खरी अडचण हीच आहे. घरटी झुडपांत आहेत आणि झुडपं कुठल्याच यादीत नाहीत. बदल्यात दुसरीकडे रोपं लावतील, पण या पिल्लांना त्याचा काय उपयोग?

मला माहीत असलेलं सांगतो. वन्यजीव संरक्षण कायदा, 1972 मध्ये शिकारीच्या व्याख्येतच वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणं आणि घरट्यांना उपद्रव देणं येतं. शिवाय 22 मे 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने 'झुडपी जंगल' अशी महसुली नोंद असलेली जमीन वनच धरली आहे. सातबारा काढला, तर पट्ट्यातल्या एका गटावर तशी नोंद आहे, दुसऱ्यावर नाही. घरटं नेमकं कोणत्या गटात येतं, ते मोजणीशिवाय कळणार नाही.

आधी अर्ज कोणाकडे द्यावा, वनपरिक्षेत्र अधिकाऱ्यांकडे की थेट उपवनसंरक्षकांकडे? पंचनामा मागता येतो का? मानद वन्यजीव रक्षकांना सोबत नेलं तर फरक पडतो का? केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाच्या परिवेश पोर्टलवर पर्यावरण मंजुरीच्या अटी कशा शोधायच्या, हेही कुणी नीट समजावून सांगा. विणीच्या काळापुरती सफाई थांबवून घेतलेली कुणी असेल, तर अर्जाचा मसुदा पाठवा.

कारखाना बंद पाडायचा नाही. माझा पुतण्या तिथेच कामाला आहे. सफाई ऑक्टोबरनंतर करावी आणि नाल्याच्या दोन्ही काठांची जाळी राहू द्यावी, एवढंच मागायचं आहे. हाताशी फक्त शुक्रवार आहे, शनिवार-रविवार कचेऱ्या बंद.