मदत हवी आहे: बोट तुटल्याच्या केसचे कोडिंग

नमस्कार मंडळी, मी खराडीत अमेरिकन चार्टचे (रुग्णांच्या उपचारनोंदींचे) आयसीडी-१०-सीएम कोडिंग करते, म्हणजे निदानांना अमेरिकेतले ठरलेले कोड देते. एका केसवर अडले आहे.

रुग्णाचा उजवा हात प्रेस मशीनमध्ये सापडला. तर्जनी मधल्या पेरातून पूर्ण तुटली. तिला एस६८.६१०ए (उजवी तर्जनी, पूर्ण तुटलेली) दिला, त्याबद्दल शंका नाही. अडचण मधल्या बोटाची आहे. नोटमध्ये फक्त 'शेवटच्या सांध्यापाशी अम्प्युटेशन' (अवयव तुटणे) एवढेच लिहिले आहे. पूर्ण की अर्धवट, कुठेच नाही. तसा उल्लेख नसेल तर पूर्ण धरावे, असे गाइडलाइन सांगते, म्हणजे एस६८.६१२ए. पण नर्सिंग नोटमध्ये बोट कातडीला लोंबत होते असे आहे, आणि तसे असेल तर एस६८.६२२ए. नर्सच्या नोटवरून निदान ठरवणे मला पटत नाही. डॉक्टरांना क्वेरी (लेखी विचारणा) टाकावी, असेच वाटते. तुम्ही काय कराल?

दुसरे असे की, बोट जोडण्याचे ऑपरेशन फसले आणि रुग्ण पुन्हा दाखल होऊन टोक बंद करायची शस्त्रक्रिया झाली. सक्रिय उपचार चालूच आहेत, म्हणून सातवे अक्षर 'ए' राहील असे मला वाटते. कोड तपासणाऱ्या ऑडिटरचा आग्रह 'डी'चा (सक्रिय उपचारांनंतरच्या देखभालीचा) आहे. झेड८९.०२ (बोट नसल्याचा कोड) मात्र जखम भरून आल्यावरचा, तो इथे नकोच.

भोसरी-चाकणच्या हॉस्पिटलांत अशा केसेस रोज पाहणारे कुणी असेल तर जरूर सांगा. या कोडवर कुणाचा तरी क्लेम अवलंबून आहे, अंदाजाने पाठवायचा नाही.