मदत हवी आहे: डीस्पेस (डिजिटल संग्रहाचं सॉफ्टवेअर) ६ वरून ७ वर आलो, जुन्या प्रबंधांचे डाउनलोड आकडे शून्य दिसतायत

आमच्या विद्यापीठाची रिपॉझिटरी (प्रबंधांचा ऑनलाइन संग्रह) डीस्पेस ५ पासून चालूये, मग ६ केली, आता ७ वर आणलीये. डेटाबेस मायग्रेशन नीट झालं, सोलर (Solr, सर्च आणि स्टॅटिस्टिक्स सांभाळणारं सर्च इंजिन) वेगळं इन्स्टॉल केलं, इंडेक्स पूर्ण नव्याने बांधला, सर्च आणि हँडल लिंक (प्रत्येक नोंदीचा कायमचा पत्ता) मस्त चालतायत. स्टॅटिस्टिक्स जुन्या सर्व्हरवरून एक्सपोर्ट करून नव्यावर इम्पोर्ट केले, एररही नाही. तरी ५ च्या काळातल्या नोंदी शून्यावर, ६ च्या काळातल्या बरोबर. एक रेकॉर्ड उघडून पाहिलं तर आयडी साधा आकडा, म्हणजे ६ मध्ये साध्या आकड्यांऐवजी यूयूआयडी (UUID, लांबलचक एकमेव ओळखक्रमांक) आले तेव्हा हे जुने आयडी बदललेच नव्हते, बहुतेक तिथेच घोळ आहे. लॉग पाहिले, कॅशे साफ केला, सोलर रीस्टार्ट केलं, फरक नाही.

जुना सर्व्हर अजून चालू आहे पण लवकरच बंद होणारे, आणि नव्यावर रोज नवे हिट्स जमा होतायत, ते घालवायचे नाहीत. लोकांनी वर्षानुवर्षं वाचलेल्या कामाचा हिशोब आहे हो, जीव तुटतो.

आयडी बदलायची ती ६ साठीची अपग्रेड कमांड आता थेट ७ वर चालवली तर चालेल, की जुन्यावर चालवून पुन्हा एक्सपोर्ट करू, आणि तसं केलं तर आधी इम्पोर्ट झालेले हिट्स दोनदा मोजले जातील का?