‘मोटिव्ह’ला काय म्हणावं? वॉल्टर व्हाइट आणि हेतू, इरादा, -पायी, -पोटी

प्रश्न
‘ब्रेकिंग बॅड’ ही अमेरिकन मालिका दुसऱ्यांदा पाहून झाली आणि तिच्यातला शिक्षक वॉल्टर व्हाइट अमली पदार्थ बनवायच्या धंद्यात पडून हे सगळं नेमकं का करतो यावर मराठीत लिहायला बसले. पहिल्याच परिच्छेदात अडकले. ‘मोटिव्ह’साठी हेतू, उद्देश, इरादा, कारण, प्रेरणा असं सगळं लिहून पाहिलं. ‘वॉल्टरचा हेतू’ म्हटलं की शासकीय योजनेचा हेतू वाटतो, ‘इरादा’ म्हटलं की हिंदी सिनेमा. माणसं काय वापरतात?

उत्तर
हेतू. कोर्टात, वर्तमानपत्रात हाच चालतो. शेवटचा ‘तू’ दीर्घ, पण ‘हेतुपुरस्सर’मध्ये ऱ्हस्व.

उत्तर
हेतू बरोबर आहे, पण इरादा टाकून देऊ नका, त्याचं काम वेगळं आहे. ‘जिवे मारण्याच्या इराद्याने हल्ला’ असं बातमीत येतं, ते माणूस काय करायला निघाला होता हे सांगतं. का निघाला, ते हेतू सांगतो. कायदाही हा फरक पाळतो. खुनाच्या गुन्ह्यात इरादा महत्त्वाचा, हेतू सिद्ध झालाच पाहिजे असं नाही. मात्र प्रत्यक्ष पाहणारा साक्षीदार नसेल, सगळी भिस्त परिस्थितिजन्य पुराव्यावर असेल, तर हेतूचं वजन वाढतं. 1872 च्या पुरावा कायद्यात हेतूचा उल्लेख कलम 8 मध्ये होता.

जेनचा मृत्यू आठवा, दुसऱ्या सीझनच्या शेवटाकडचा. (जेसी हा वॉल्टरचा जुना विद्यार्थी आणि धंद्यातला जोडीदार, जेन त्याची मैत्रीण.) वॉल्टर त्या घरात जातो तो जेसीशी बोलायला. नशेत पडलेल्या जेसीला हलवून उठवताना त्याच्याच धक्क्याने जेन उताणी होते, तिला उलटी होते, ती गुदमरते आणि हा बघत उभा राहतो. आत शिरताना इरादा शून्य. हेतू मात्र तयार होता, कारण तिने त्याला पैशांसाठी धमकावलं होतं आणि जेसीला ती घेऊन जाणार होती. ‘त्याने तिला मारलं का’ या वादात लोक हे दोन शब्द एकमेकांत मिसळतात.

उत्तर
मला वाटतं तुम्ही सगळे नामं शोधताय आणि इथेच चुकतंय. मराठी माणूस हेतू बहुतेक वेळा नामातून सांगतच नाही, नामाच्या शेपटीतून सांगतो. गुन्ह्यांच्या बातम्यांचे मथळे बघा: ‘जुन्या वादातून’, ‘पूर्ववैमनस्यातून’, ‘चारित्र्याच्या संशयावरून’, ‘किरकोळ कारणावरून’. हेतू हा शब्द कुठेही नाही, तरी तो सांगून झालेला असतो. (‘किरकोळ कारणावरून’ हा प्रकार मला फार खटकतो. खून झालाय, कारण किरकोळ हे ठरवणारा वार्ताहर कोण?)

आता वॉल्टर. पन्नाशीचा रसायनशास्त्राचा शिक्षक, फुप्फुसाचा कर्करोग, घरात गरोदर बायको. पाच सीझन, 62 भाग तो एकच प्रत्यय लावत राहतो: कुटुंबा*साठी*. दुसऱ्या सीझनच्या सुरुवातीला तर हिशोबही करतो, मुलांचं शिक्षण, घराचं कर्ज वगैरे धरून 7,37,000 डॉलर. ‘साठी’ हा सभ्य प्रत्यय आहे. समोर बघतो, कुणाच्या तरी भल्याकडे बोट दाखवतो आणि बोलणाऱ्याबद्दल काहीच सांगत नाही.

पण पहिल्याच सीझनमध्ये जुने सहकारी एलियट आणि ग्रेचन उपचारांचा खर्च उचलायला तयार होतात आणि हा नकार देतो. ‘साठी’ तिथेच संपलं. त्याच्या जागी येतं ‘पोटी’: अहंकारापोटी, जुन्या सलापोटी. एलियटबरोबर काढलेल्या ज्या कंपनीतला वाटा त्याने 5,000 डॉलरला विकला, तिची किंमत 2.16 अब्ज झालीय आणि तो दर आठवड्याला ती तपासून बघतो, हे तो स्वतःच जेसीला सांगतो, तेही थेट पाचव्या सीझनमध्ये.

‘पोटी’ भावनेला लागतं: भीतीपोटी, द्वेषापोटी, प्रेमापोटी. माणसाला लावलं तर अर्थच बदलतो, ‘तिच्या पोटी जन्मला’ होतं. ‘पायी’ मात्र माणसाला, व्यसनाला, हट्टाला, कशालाही लागतं आणि सोबत नुकसान आणतं: दारूपायी घर गेलं. प्रेमापोटी केलं म्हणजे कौतुक, प्रेमापायी केलं म्हणजे वाटोळं. म्हणून हँक मेला तो वॉल्टरपायी. (हँक मराठीत सरळ ‘साडू’ आहे, बायकोच्या बहिणीचा नवरा. ‘मेहुणा’ लिहू नका.)

प्रश्नकर्ती
दादा, हे पटलं. पण आई नाही का म्हणत, ‘तुमच्यापायी मी हाडाची काडं केली’? म्हणजे ‘पायी’ स्वतःबद्दलही वापरता येतं.

उत्तर
येतं, पण तक्रारीच्या सुरात. ‘तुमच्यासाठी केलं’मध्ये माया, ‘तुमच्यापायी केलं’मध्ये उपकाराची वसुली. वॉल्टरच्या ‘साठी’तही पुढे पुढे ‘पायी’चा सूर ऐकू येतो. ‘ओझिमँडियस’ या भागातला फोन घ्या. पोलीस घरात बसून ऐकतायत आणि तो बायकोला, स्कायलरला, वाटेल ते बोलतो, तूच सगळं मोडलंस म्हणून. एक गट म्हणतो ही बतावणी होती, पोलिसांपुढे तिला निर्दोष ठरवायला. दुसरा म्हणतो मनातली गरळच होती. तो बोलताना रडतो, त्यामुळे बतावणी मला नक्की वाटते. पण बतावणी करायला त्याला शब्द शोधावे लागले नाहीत, हेही खरं.

उत्तर
दोन्ही एकदम असू शकतं ना? गट पाडायची काय गरज?

उत्तर
थोडं अवांतर. न्यायशास्त्रात (कोर्टाच्या नव्हे, न्यायदर्शनातल्या तर्कशास्त्रात) हेतू म्हणजे मनातलं कारण नव्हे, अनुमानाचा आधार. ‘पर्वतो वह्निमान् धूमात्’: डोंगरावर आग आहे, धुरावरून. इथे धूर हा हेतू. मालिकेचे चाहते एका अर्थाचा हेतू शोधायला दुसऱ्या अर्थाचे हेतू गोळा करत असतात. आणि ती पंचमी विभक्ती बघा, ‘धूमात्’. वर दिलेल्या मथळ्यांतलं ‘वरून’ तेच काम करतं.

प्रश्नकर्ती
मग शेवटच्या भागातल्या कबुलीला काय? ‘कुटुंबासाठी’ पुन्हा ऐकवू नकोस म्हणून स्कायलर त्याला तोडते आणि तो म्हणतो, स्वतःसाठी केलं, आवडत होतं, जमत होतं.

उत्तर
‘हौसेखातर’ म्हटलं तर फार हलकं होतं, नाटकात काम केल्यासारखं. इथे ‘स्वतःसाठी’च ठेवा. तोच प्रत्यय, फक्त आधीचं नाम बदललं, आणि प्रेक्षकाने 61 भाग ‘कुटुंबासाठी’ ऐकलेलं असल्यामुळे तो फरक जाणवतो. मी तरी तिथे शब्दकोश उघडणार नाही.

उत्तर
आणि जेसी? त्याला तर दर वेळी सुटता आलं असतं.

उत्तर
भिडेपोटी. बहुतेक वेळा तो वॉल्टरला ‘मिस्टर व्हाइट’च म्हणतो, मराठीत ‘व्हाइट सर’ झालं असतं. शाळेत नापास करणाऱ्या मास्तरांची भीड. तिला इंग्रजीत काय म्हणतात ते कुणीतरी सांगा, त्याचा वेगळा धागा काढू.