'फिफ्थ कझिन'ला मराठीत काय म्हणता?

कानामात्रा: थिओडोर आणि फ्रँकलिन रूझवेल्ट या दोन अमेरिकन राष्ट्राध्यक्षांवरचा लेख मराठीत करतेय, मुलांच्या अंकासाठी. ते दोघं फिफ्थ कझिन, म्हणजे सहा पिढ्या वरचा पूर्वज एकच. मी 'दूरचे चुलतभाऊ' लिहिलं तर संपादक म्हणतात चुलत म्हणजे काकाचा मुलगा, तो दूरचा कसा? तुमच्याकडे काय म्हणतात?

मधलीआळी: भाऊबंद! त्यांचा तो पूर्वज निकोलस रूझवेल्ट, त्याचे दोन मुलगे, योहानेस आणि याकोबस, सख्खे भाऊ. एकाच्या वंशात थिओडोर, दुसऱ्याच्या वंशात फ्रँकलिन. पुढे एक घर रिपब्लिकन पक्षाचं, दुसरं डेमोक्रॅट पक्षाचं. यालाच भावकी म्हणतात की.

जुनीपोथी: निकोलसला धरून मोजा, दोघंही सातव्या पिढीत येतात. म्हणजे सपिंड, सात पिढ्यांच्या आतलं रक्ताचं नातं, आमच्या आजीने सुतक धरायला लावलं असतं. आणि 'डच वंशाचे' लिहू नका हो, वलंदेज लिहा. रामचंद्रपंत अमात्यांच्या आज्ञापत्रात टोपीकरांच्या, म्हणजे युरोपियनांच्या यादीत इंग्रजांच्या शेजारी वलंदेज आहेत.

वेंगुर्लेवाली: आमच्या गावात त्यांच्या वखारीचे अवशेष उभे आहेत, आणि लहानथोर सगळे 'डच वखार'च म्हणतात. लोक बोलतात तो शब्द मराठी.

जुनीपोथी: वापरलाच नाही तर मुलांना कळणार कधी? पोर्तुगीज 'ओलांदेझ'वरून आला आणि आपल्या लोकांनी तोंडात बसेल असा करून घेतला, एवढा घडवलेला शब्द टाकून द्यायचा?

मधलीआळी: पण ते दोघं तरी कितपत डच होते? थिओडोरला बालपणीचं एकच डच बडबडगीत येत होतं, डुकरं घेवड्यात, गायी क्लोव्हरच्या चाऱ्यात, घोडे ओटमधे, बदकं पाण्यात. पुढे आफ्रिकेत गेला तर तिथले बोअर, म्हणजे डच वंशाचे लोकही आपल्या मुलांना तीच गाणी म्हणायचे, अडीचशे वर्षांपूर्वी दोन दिशांना गेलेली माणसं आणि गाणं तेच! त्याने आत्मचरित्रात लिहून ठेवलंय. हे लेखात घ्याच.

कानामात्रा: घेते. फ्रँकलिनने राष्ट्राध्यक्षपदाच्या चारही शपथा घरच्या डच बायबलवर घेतल्या, १६८६ सालच्या, तेही आहे. पण नात्याचं काय करू?

वेंगुर्लेवाली: नातं अजून गुंतलंय. एलिनॉर ही थिओडोरच्या सख्ख्या भावाची मुलगी, म्हणजे आपल्या हिशोबाने फ्रँकलिनची पुतणी. १९०५ मधे तिचं त्याच्याशी लग्न झालं, वडील नव्हते म्हणून कन्यादान थिओडोरने केलं.

जुनीपोथी: ख्रिस्ती लग्नात कन्यादान कसलं? 'वधूला वेदीपर्यंत नेलं' लिहा.

मधलीआळी: वधूचा हात वराच्या हाती देणं म्हणजे कन्यादानच की! धर्म कुठला का असेना.

वेंगुर्लेवाली: तो शब्द तर मी आपल्या लग्नातसुद्धा वापरत नाही आता, मुलगी दान करायची वस्तू नाही. माझं चुकलंच म्हणा हवं तर, पण 'पाठवणी' बरं की.

जुनीपोथी: पाठवणी नंतर असते, विधी आटोपल्यावर.

कानामात्रा: लग्नानंतर थिओडोर फ्रँकलिनचा चुलतसासराही झाला ना? मग वंशावळीच्या चौकटीत भाऊबंद लिहू की चुलतसासरा? अंक शुक्रवारी छापायला जातोय.